पेनल-ताई

डंडीच्या क्रीडा केंद्रात, बॅडमिंटनच्या पुसट रेघांवर
आधी दोरी अंथरायची, मग तिच्यावर चिकटपट्टी,
हे माझं शनिवारचं पहिलं काम.
दोरी अशासाठी, की चाकाला अंधारातही कळावं
इथे रिंगण संपलं.
गुडघे टेकून पट्टी दाबताना
इचलकरंजीच्या शाळेतली फक्कीची रेघ आठवते,
दोन खांब, आणि पाठीत बसणारा खो.

चाकांचे बूट मी कधी घातले नाहीत.
आमच्या पदाचं नावच 'स्केट न घालणारे पंच',
म्हणजे जे करत नाही त्यावरून ठेवलेलं.

खेळणाऱ्या प्रत्येकीला मात्र एक खेळातलं नाव.
शवागारात नोकरी करते ती 'कोल्ड मॉली'.
मला काही सुचेना. ऐल्साने विचारलं,
तुमच्यात मोठ्या बहिणीला काय म्हणतात?
पुढच्या आठवड्यात गुलाबी टी-शर्टवर छापून आलं
'पेनल-ताई'.
अर्धा विनोद त्यांना कळतो, अर्धा मला.

सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन्ही मुठींत दोन घड्याळं.
धक्का चुकीचा दिला, कोपर लागलं,
की यायचं आणि तीस सेकंद बसायचं.
विसाव्याला मी म्हणते, "स्टँड."
तिसाव्याला, "डन."
दिवसभरात माझे एवढेच दोन शब्द.
टाळी वाजवायची नाही. हात मांडीखाली दाबून
बसायला शिकले, छप्पन्नाव्या वर्षी.

गॅलरीतले सगळे त्यांना धावताना बघतात.
मी बसलेल्या बघते.
तोंडातलं गार्ड काढून तळहातावर धरलेल्या,
छताला शिव्या घालणाऱ्या,
आणि एक, जी दर वेळी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते,
नुसतीच.

नोव्हेंबरात संडरलंडचा संघ आला होता.
तीनशे आठ नंबर, इशबेल मॅक्ग्लॅशन,
हेल्मेटवर तारा, म्हणजे गुण मिळवणारी तीच,
धाडकन येऊन बसली.
हातमोजा काढला. अंगठ्याचं नख अर्धं उचकटलेलं.
दुसऱ्या कुणाचं असावं तसं तिने ते पाहिलं
आणि फुंकर घातली.
मी त्या फुंकरीकडे बघत राहिले.

घड्याळात तेहेतीस.

तीन सेकंद. आजोबांच्या पंचांगातल्या हिशोबाने
पळाचा आठवा हिस्सा.
तेवढ्यात समोरची चौघींना मागे टाकून गेली,
चार गुण. यजमान हरले दोनने.

कुणालाच कळलं नव्हतं.
मी फर्गसकडे गेले, कानावर पेन्सिल, हातात तक्ते.
"सह्या झाल्यात," तो म्हणाला.
मग थोडा थांबून, "होतं."
आणि अर्धा कॅरॅमल वेफर पुढे केला.
मी घेतला. खाल्लासुद्धा. भूक लागली होती.

दिवे निम्मे विझल्यावर पट्टी उपटायची असते.
तिचा गोळा करत न्यायचा, शेवटी भोपळ्याएवढा होतो.
इशबेल शेजारी येऊन बसली, अंगठ्याला कापूस.
मी सांगून टाकलं.
ती गुंडाळत राहिली. "तीन?"
"तीन."
"पुढच्या वेळी परत कर."
तसं करता येत नाही, हे नियमपुस्तकात आहे,
आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ.
ती हसली का, ते अंधारात दिसलं नाही.

सोमवारी बावीस नंबरची बस ती चालवते.
थांब्यापाशी दवबर्फ, माझा गुडघा आखडलेला,
पास दाखवून मी मागे चालत गेले, दांडा धरत, धरत,
बस जागची हलेना.
कुणीतरी घड्याळ बघून खाकरलं.
मी बसले. पिशवी मांडीवर घेतली.
वरच्या आरशात दोन डोळे.
"डन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "डन."